शेजार केंद्र क्रमांक तीन

कुनुगिदाई,
१८ एप्रिल १९७१

दादा,

पोचलो एकदाचे. तू कागदावर दाखवलं होतंस तसंच सगळं आहे, फक्त कागदावर चिखल नव्हता.

खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मागे न्हाणीघर. स्वतःचं न्हाणीघर! तिकडे फुकागावाच्या जुन्या गल्लीत सार्वजनिक हमामापुढे टोपली घेऊन उभी राहणारी तुझी बहीण आता दार लावून गरम पाण्यात बसते आणि तुला दुवा देते. चौक छान आहे. त्याच्याभोवती आम्ही दुकानदार. तांदूळ-दारूवाला, भाजीवाला, न्हावी, धोबी, औषधवाला आणि आम्ही मासळीवाले. प्रत्येक धंद्याचं एकच दुकान, हे काही यांना पटत नाही. "समोर दुसरा मासळीवाला नसेल तर मी भांडू कोणाशी?" म्हणतात.

पहिल्या दिवशी यांनी कपाळाला पट्टी बांधली, फळीवर बर्फ पसरला, बांगडे, तारल्या, माकूल मांडले आणि जुन्या गल्लीत ठोकायचे तशी आरोळी ठोकली. "या या या! आत्ता समुद्रातून निघालेत, आपण मेलोय हे त्यांना अजून कळलेलं नाही!" चौकात चार बायका होत्या, चौघी दचकल्या. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं आग लागल्यासारखी डोकावली. एकीचं बाळ रडायला लागलं. हे मला हळूच म्हणाले, "इथली गिऱ्हाइकं भित्री आहेत गं." पण संध्याकाळपर्यंत बराच माल गेला. सगळ्या नव्या सुना, नवी स्वयंपाकघरं. मासा साफ करून मागतात आणि डोकं नको म्हणतात. डोकं नको! यांना ते मनाला लागलं.

एक विचारायचंय. चौकाच्या आमच्या बाजूच्या इमारती भरल्यात, पण पलीकडे टेकडीपर्यंत नुसती लाल माती आहे. तिकडची माणसं कधी येणार? हे रोज पहाटे मालाची मोटारगाडी घेऊन घाऊक बाजारात जातात आणि डोंगर चढून परत येईतो अर्ध्या बर्फाचं पाणी झालेलं असतं. अर्ध्या वस्तीवर पूर्ण दुकान चालत नाही. रागावून नाही विचारत. रस्ता रुंद करायला आमची गल्ली पाडली तेव्हा दुसरीकडेही जागा मिळत होत्या. तुझ्या शब्दावर इथे आलो, म्हणून तुलाच विचारते.

एका रविवारी वहिनींना घेऊन ये. स्वतः काढलेलं चित्र उभं राहिलेलं तू अजून पाहिलं नाहीस.

मिसाओ


तोक्यो,
९ मे १९७१

प्रिय मिसाओ,

तुझं पत्र विभागात वाचून दाखवलं. न्हाणीघरावर सगळे हसले, आणि आमचे साहेब म्हणाले, "आराखडा असा वाचायला मिळत नाही."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. या शहराचं दुखणं असं की सगळ्यांना सकाळी एकाच ठिकाणी जायचं असतं आणि संध्याकाळी तिथूनच निघायचं असतं. त्सुकिओकाच्या नव्या वसाहतीत, तुमचं कुनुगिदाई जिचा एक भाग आहे, आम्ही ते होऊ देणार नाही. म्हणून तीन मापांची केंद्रं. सगळ्यात लहान तुमचं शेजार केंद्र, घरातल्या चपलांवर पायी येऊन रात्रीच्या जेवणाचं सामान न्यावं असं. चार शेजार केंद्रांमध्ये मिळून एक मधलं, तिथे दवाखाना, बँक, वाचनालय. आणि सगळ्यांच्या पोटात, रेल्वे येईल तिथे, मोठं. कचेऱ्या, मोठी दुकानं, नाटकघर. वर घरं, खाली धंदे, शेजारी कामाची जागा. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी लहान, मग मधलं, सर्वांत शेवटी मोठं. लहान केंद्रांनी मूळ धरेपर्यंत मोठ्याला हात लावायचा नाही, हे वाक्य आराखड्यात मी स्वतः लिहिलंय.

पलीकडच्या इमारती पुढच्या शरदात उभ्या राहतील. तोपर्यंत दम धरा.

तोकुजीसानना एक सांग. तिथे डोंगराखालच्या इस्पितळात रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या मुली आहेत, तान्ही बाळं आहेत. भिंती काँक्रीटच्या असल्या तरी चौकात आवाज घुमतो. आरोळी जरा बेताने दिली तर बरं.

येतोच एका रविवारी. सध्या मोजणीचं काम फार आहे.

तुझा,
कुनिहिको


कुनुगिदाई,
२१ नोव्हेंबर १९७१

दादा,

शरद आला आणि संपतही आला. पलीकडे अजून लाल मातीच. तिच्यात आता गवत उगवलंय आणि मुलं तिथे टोळ पकडतात.

नगरपालिका म्हणे नवीन घरांना परवानगी देत नाही. शाळा बांधायला पैसा कोण देणार यावरून तुमचं घरबांधणी महामंडळ आणि त्यांचं वाजलंय. हे मला औषधवाल्याने सांगितलं. तू का नाही सांगितलंस?

गेल्या महिन्यात रहिवासी मंडळाच्या वाकासुगीबाई आल्या. शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या, सोबत केकचा डबा. आधी डबा दिला, मग कागद. आरोळी देऊ नये, मासळीचं पाणी चौकाच्या गटारात सोडू नये, डोकी आणि आतडी झाकून ठेवावीत. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मासा मेलेला चालतो. विकणारा मेलेला कसा चालेल?" त्यांना हसावं का रडावं कळेना. खाली मान घालून म्हणाल्या, "मला मंडळाने सांगून पाठवलंय हो. मला स्वतःला तुमचा आवाज आवडतो." पण कागद ठेवून गेल्या.

तेव्हापासून हे गप्प आहेत. सांगितलं म्हणून गप्प, रागाने नाही. दुकानात उभे राहतात, कोणी आलं की वाकून नमस्कार करतात, मासा बांधून देतात. यांना गप्प बसून धंदा करता येत नाही दादा. फुकागावात यांची मासळी शेजारच्यापेक्षा चांगली होती असं नाही, यांचं तोंड चांगलं होतं. बायका भांडायला यायच्या आणि बांगडा घेऊन जायच्या.

न्हाव्याने गेल्या आठवड्यात दार ओढलं ते ओढलंच. उरलेला माल मी शिजवते, दोघं खातो, उरलं की पुरते. पुरताना कोणी बघू नये म्हणून पलीकडच्या लाल मातीत जाते. पायी यायचं सोपं केंद्र खरंच, पण चालत येणारी पावलं हवीत ना. हे फलकाकडे बघून विचारतात, "शेजार केंद्र. केंद्र दिसतंय. शेजार कुठाय?"

तू एकदा ये. आकडे विचारू नकोस, ये.

मिसाओ


तोक्यो,
१६ जानेवारी १९७२

प्रिय मिसाओ,

नववर्षाला येणं जमलं नाही, याचं वाईट वाटतंय. तुझ्या वहिनीची आई आजारी होती.

नगरपालिकेचा प्रश्न आहे, पण तो सुटणारा आहे. दोन्ही बाजू समंजस आहेत. तुला आधी कळवलं नाही कारण अर्धवट बातमीने जीव टांगणीला लागतो.

एक चांगली बातमी. रेल्वे ठरल्यापेक्षा लवकर येतेय. रेल्वे आली की घरांवरची बंदी कोणालाच फार दिवस ठेवता येणार नाही. सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक हलली की बाकीच्या हलतात. तोकुजीसानना सांग, पुढल्या वर्षी या वेळी समोरच्या गॅलऱ्यांत दुलया वाळत पडलेल्या दिसतील.

मासळीबरोबर लोणची, शिजवलेले पदार्थ ठेवता येतील का? तुमच्या परवान्यात "मासळी व तत्संबंधी" असं आहे. तत्संबंधी या शब्दात बरंच बसतं.

दोघांनी तब्येत सांभाळा.

कुनिहिको


कुनुगिदाई,
१२ जून १९७२

दादा,

हे पत्र मी औषधवाल्याच्या दुकानात बसून लिहितेय. घरी यांच्यासमोर लिहिता येत नाही.

स्टेशनाजवळ तुमच्या मोठ्या केंद्राचं बांधकाम चालू आहे. आम्हाला वाटलं स्टेशनच असेल. आता तांदूळवाल्याचा मेव्हणा सांगतो की तिथे चार मजली बाजार होणार, तळमजल्यावर मासळी, मटण, भाजी सगळं, आणि तो याच वर्षी उघडणार. आमच्या चौकातून तिथे फुकट बस सोडणार. हे खरं आहे का? तू लिहिलं होतंस, मोठं सगळ्यात शेवटी. ते पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं रे.

शेजार केंद्रातलं कोणी मरेल तर आधी मासळीवालाच मरेल. तांदूळ टिकतो. कपडे टिकतात. औषधाला गिऱ्हाईक आपोआप येतं. मासा दुपारपर्यंत वाट बघतो आणि मग डोळे फिरवतो.

हे आता रोज बाजारात जात नाहीत. एक दिवसाआड, कधी दोन दिवसांनी. बाकी वेळ दिवा न लावता दुकानात पालथ्या बर्फपेटीवर बसतात आणि सुऱ्यांना धार लावतात. सकाळपासून. कापायला काही नसताना. त्या खरखर आवाजाने वरच्या खोलीत माझं मन थाऱ्यावर राहत नाही. परवा मी सुऱ्या उचलून तांदळाच्या पिंपात लपवल्या. यांनी शोधल्या नाहीत. नुसते माझ्याकडे बघून म्हणाले, "घाबरलीस होय? बरं केलंस." आणि हसले. त्या हसण्याने मी जास्त घाबरले.

आम्हाला इथून सोडव. करारात दहा वर्षं दुकान विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, बंदही ठेवता येत नाही. तू आतला माणूस आहेस. करारातून मोकळं कर, नाहीतर त्या मोठ्या बाजारात कोपऱ्यातली जागा दे. मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतेय. अर्ज सोबत आहे, आमच्या नावाचा शिक्का मारून. पुढे पाठव.

मिसाओ


तोक्यो,
३ जुलै १९७२

प्रिय मिसाओ,

तुमचा अर्ज मिळाला. योग्य ठिकाणी विचार चालू आहे. अशा बाबींना वेळ लागतो.

मोठ्या केंद्राबद्दल ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका. त्याचा निर्णय माझ्या विभागात होत नाही. रेल्वे कंपनीला स्टेशनाजवळ वर्दळ हवी आहे, तिने क्रमात थोडा बदल सुचवला आहे, एवढंच.

तोकुजीसानना डॉक्टरला दाखवावंस असं मला वाटतं. मधल्या केंद्रातला दवाखाना अजून झालेला नाही, पण डोंगराखाली सरकारी इस्पितळ आहे. बस बदलावी लागेल.

कुनिहिको


कुनुगिदाई,
८ ऑक्टोबर १९७२

कुनिहिको,

दादा म्हणवत नाही.

गेल्या रविवारी मोठा बाजार उघडला. फुकट बस आमच्या दारातून सुटली आणि हे तिच्यात बसले. मला म्हणाले, "बघून येतो, आपल्याला मारणारा दिसतो कसा." फार दिवसांनी दाढी केली होती. मला बरं वाटलं. मी मूर्ख.

संध्याकाळी परत आले ते हसतच. पोट धरून. मग त्यांनी मला सगळं करून दाखवलं, नाटकासारखं. मंचावर पांढरे हातमोजे घातलेली माणसं रांगेत, प्रत्येकाच्या हातात कात्री, समोर लाल-पांढरी फीत. आणि त्या रांगेत तू. निर्णय तुझ्या विभागात होत नाही, पण कात्री तुझ्या हातात होती. भाषण थांबलं तसे हे गर्दीतून ओरडले. वर्षभरात पहिल्यांदा ओरडले. "भाऊसाहेब! कुनुगिदाईचा मासळीवाला आलाय! जरा इकडे बघा!" लोकांना वाटलं प्यायलाय. पहारेकऱ्यांनी दंड धरले. तुझ्या शेजारच्याने तुला काहीतरी विचारलं, आणि तू मान हलवलीस. नाही म्हणून.

"तुझा भाऊ मला ओळखत नाही बरं का," हे म्हणाले आणि पुन्हा हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मी या माणसाशी इतकी वर्षं संसार केला, सासूबाई गेल्या तेव्हाही त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन निघाले. मला वाटलं मासळीच्या घाऊक बाजारात. मी उठून भात बांधून दिला. उत्साहाने दिला! ते परत आलेले नाहीत. बाजारात कोणी पाहिलं नाही. पोलिसांत सांगून आले.

मग मी तुझ्या कचेरीत गेले. तू बाहेरगावी होतास म्हणे. तिथल्या मुलीने सगळे अर्ज काढून पाहिले. कुनुगिदाईहून असा अर्ज आलेलाच नाही, म्हणाली. मी पुन्हा बघायला सांगितलं. तिने पुन्हा पाहिलं, आणि मला चहा दिला.

कुठे ठेवलास तो अर्ज?

मिसाओ


तोक्यो,
१२ ऑक्टोबर १९७२

मिसाओ,

मान हलवली हे खरं आहे. अर्ज माझ्या खणात आहे हेही खरं आहे. आराखडा करणाऱ्याची सख्खी बहीणच शेजार केंद्रातून बाहेर पडतेय हे वर कळलं असतं तर लहान केंद्रांवरच फुली मारली असती. ती मारायला टपलेले लोक आहेत. मला वाटलं, आणखी थोडे महिने कळ काढली तर तुम्हीही वाचाल आणि केंद्रंही वाचतील. ही सबब म्हणून लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

मी रजा टाकली आहे. घाऊक बाजारात गाडी ओळखणारे दोघे भेटले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तोकुजीसान त्या दिवशी बाजाराच्या दारातून आत न वळता तसेच पूर्वेला गेले. तिकडे समुद्र आहे. मी किनाऱ्याने एकेक बंदर बघत निघतोय.

तू एकटी राहू नकोस. औषधवाल्याच्या बायकोला सोबतीला बोलाव.

कुनिहिको


बोसो किनारा,
२३ ऑक्टोबर १९७२

मिसाओ,

सापडले. जिवंत आहेत. हे आधी वाच आणि जरा बस, मग पुढचं वाच.

इथे एक लहानसं बंदर आहे. धक्क्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये बायका तारल्या फाडून वाळत घालतात. त्यांच्या रांगेत तोकुजीसान बसले होते, खूप वाळलेले, रबरी बूट घालून. मला बघून त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"कोणी पाठवलं?"

"मिसाओने."

"खोटं. ती तुमच्याशी बोलत नसणार."

"नाही बोलत," मी म्हणालो. "मीच आलोय."

त्यांनी मला बसायला पाटी उलटी करून दिली.  मग ते खाली बघतच म्हणाले, "त्या दिवशी मी गाडी समुद्रात घालायला आलो होतो, भाऊसाहेब. सरळ धक्क्याच्या टोकाकडे सोडली. टोकाला एक म्हातारी जाळं पसरून शिवत बसलेली. भोंगा वाजवला तर हलेना. मी ओरडलो, आजी, बाजूला व्हा! ती उलट माझ्यावर ओरडली. गाडी मागे घे रे मेल्या, जाळं फाटेल!"

"मग?"

"मग काय. घेतली मागे." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाले, "तिच्या जाळ्यावरून कशी घालणार?"

ती म्हातारी शेजारीच बसली होती. तिने मला विचारलं, "हा तुमचा कोण?" मी सांगितलं, बहिणीचा नवरा. मोठ्याने सांगितलं, शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोकुजीसान तारल्या फाडतच राहिले. त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

इथे येण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. तुमचा अर्ज माझी शिफारस जोडून वर दिला. करार मोडायला परवानगी मिळाली आहे. शिवाय मोठ्या केंद्रात तळमजल्यावर तुमच्यासाठी जागा मागून घेतली. जिना उतरल्या उतरल्या, मोक्याची. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी आत जाऊन बघितलं त्या दिवशी, पहारेकऱ्यांनी सोडल्यावर. थर्माकोलच्या ताटलीत मासा, वर ताणून बसवलेला प्लास्टिकचा कागद. विकणारा कशाला हवा तिथे? जागा तिला द्या. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे, चालवेल."

"आणि तुम्ही?"

"मी त्या टेकडीवर परत गेलो तर मरेन. हे रागाने नाही सांगत. मला आतून माहीत आहे." मग आणखी एक तारली फाडून म्हणाले, "तिला बोलावतो असं सांगू नका. कशावर बोलावू? शेडमागे एक खोली आहे, तिच्यात वारा येतो. फक्त सांगा की आहे."

जागेबद्दल महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. परतताना कुनुगिदाईला येऊन तुला समोरासमोर सांगणार होतो. तू दार उघडशील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून लिहिलं.

कुनिहिको


कुनुगिदाई,
२९ ऑक्टोबर १९७२

कुनिहिको,

उद्या सकाळी निघते. खोलीत वारा येतो तर फटीत चिंध्या कोंबता येतील.

तुझी जिन्याखालची जागा मला नको. जूनमध्ये मी तिच्यासाठी तुझे पाय धरले असते. तेव्हा दिली असतीस तर आज हे घरी असते आणि मी तुला दादा म्हणत असते.

मी सामान बांधतेय हे कळल्यावर वाकासुगीबाई आल्या, मागे आणखी बऱ्याच बायका. मला वाटलं निरोपाला आल्यात. त्या म्हणाल्या, फुकट बस पहिले दोन-तीन आठवडेच होती, आता तिकीट लागतं आणि तासाला एक येते. बाळ पाठीशी, एक हाताशी, वर पिशव्या. पाऊस आला की त्या दिवशी घरात भाजी नाही. भाजीवालाही या महिन्यात चालला. "तुम्ही गेल्यावर आम्ही काय करायचं?" एकीने विचारलं. मी खूप चिडले. म्हटलं, हे दुकानात अंधारात बसले होते तेव्हा तुम्ही रांगेने बसमध्ये चढत होतात. मी आतून बघत होते.  वाकासुगीबाई म्हणाल्या, "हो. चढत होतो." आणि तिथेच जमिनीवर गुडघे टेकून कपाळ लावलं. मी उठवलं नाही. उठवायला हवं होतं.

नंतर त्या मुद्द्यावर आल्या. बायकांना मिळून थेट शेतकऱ्याकडून भाजी, दूध, अंडी आणायची आहेत आणि आमच्या दुकानातून पाळीपाळीने वाटायची आहेत. माझी ना नाही, किल्ली मी त्यांच्याकडे दिली. पण कराराप्रमाणे ही जागा "मासळी व तत्संबंधी". भाजी तत्संबंधी नाही. महामंडळ नाही म्हणेल, जागा बंद ठेवेल, फलक उतरवून गोदाम करेल. तसा कागद तुझ्याच टेबलावर येईल.

त्यावर शिक्का मारण्याआधी एकदा इथे येऊन उभा राहा. दीड वर्ष तुला बोलावतेय. आता मी नसेन, तेव्हा तरी ये.

तुझ्यावर राग नाही असं लिहायला बसले होते. लिहवत नाही. यांना मी जवळ घेऊन बसेन, खाऊ घालेन, पण जे पहाटे भात घेऊन निघाले होते ते हे परत मिळतील की नाही मला माहीत नाही. मला पत्र लिहू नकोस. मला वाटेल तेव्हा मी लिहीन.

मिसाओ


तोक्यो,
१९ मार्च १९७३

मिसाओ,

लिहू नकोस म्हणालीस तरी हे चौथं पत्र. आधीची तीन परत आली नाहीत, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचत असावीत, एवढ्यावर मी लिहितो. बंदराच्या पोस्टमास्तरला फोन केला होता. "नवरा-बायको आहेत," तो म्हणाला. कसे आहेत विचारलं तर म्हणाला, "थंडी फार होती यंदा." पुढे विचारायचा धीर झाला नाही.

बायकांना दुकान द्यायच्या कागदावर मी सही केली. नियमात बसत नव्हतं. वरून विचारणा झाली, आणि फेब्रुवारीपासून माझी बदली नकाशे जपून ठेवायच्या खोलीत झाली आहे. खिडकी नाही, पण काम शांत आहे. त्सुकिओकाचा आराखडा आता दुसऱ्याकडे आहे. त्याने शेजार केंद्रांची संख्या अर्ध्यावर आणली. समोरच्या लाल मातीवर घरांची परवानगी मिळाली, पायाचं काम सुरू आहे.  एवढ्या उशिरा.

काल रविवार होता. मी कुनुगिदाईला गेलो. एकटाच, बसने. वाटेत बस बदलली, तेव्हा अर्धा तास उभं राहावं लागलं. माझ्याच आराखड्यात ती जोडणी "सुलभ" अशी लिहिली आहे. चौकात उतरलो. न्हाव्याचं, भाजीवाल्याचं दार गंजलंय. तुमच्या दुकानाचं उघडं होतं. आत जमिनीवर बटाटे, मुळे, कोबी ढिगाने मांडलेले आणि सगळीकडे मुलं. वजन करताना दोन बायका काट्यावरून हुज्जत घालत होत्या. मासळीचा वास अजून भिंतींना आहे. मी तिथे उभा राहिलो, तू सांगितलंस तसा. तू रोज किती वेळ उभी राहत असशील? मला तिथे करण्यासारखं काही नव्हतं आणि निघून जाताही येत नव्हतं.

वाकासुगीबाई कोणत्या ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. काहीतरी घ्यायला हवं म्हणून बटाटे घेतले. पाठीशी बाळ बांधलेल्या एकीने ते पिशवीत भरता भरता माझ्याकडे पाहिलं.

"नवीन दिसता. कुठल्या इमारतीतले?"

"इथला नाही मी."

"मग?"

मला सांगता आलं असतं. हा चौक, ही दुकानं, ही बसची जागा, सगळं मी काढलंय. वरच्या खोल्यांत माझी बहीण राहत होती. मी बटाट्यांचे पैसे मोजून दिले.

"मग एवढ्या लांब बटाटे न्यायला आलात?" ती म्हणाली, आणि तिची मैत्रीण हसली. चांगल्या मनाने हसली.

मी हो म्हणालो.

कुनिहिको